लॉगबुकातली सरळ रेघ

अमेरिकेतल्या ट्रकचालकाच्या लॉगबुकाचे पान दिसायला अगदी साधे. मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत चोवीस रकाने, प्रत्येक रकान्यात पाव-पाव तासाच्या खुणा आणि आडव्या चार ओळी. पहिली ओळ सुट्टीची, दुसरी केबिनमागच्या बर्थवर झोपण्याची, तिसरी गाडी चालवण्याची आणि चौथी बाकीच्या कामाची, म्हणजे माल भरणे-उतरवणे, डिझेल, गाडीची तपासणी. चालकाने पट्टी धरून रेघ ओढायची. काम बदलले की रेघ दुसऱ्या ओळीवर न्यायची आणि ज्या गावात बदलले त्या गावाचे नाव लिहायचे. दिवसअखेर चारही ओळींची बेरीज चोवीस भरली पाहिजे. ती नेहमीच भरत असे. त्यातले खरे किती, हा वेगळा प्रश्न. चालक आपसात या वहीला 'कॉमिक बुक' म्हणत.

ही वही जाऊन तिच्या जागी इंजिनाला जोडलेले यंत्र यायला जवळपास ८० वर्षे गेली. यंत्र बनवणे काही फार अवघड नव्हते. युरोपातल्या ट्रकांत ते कधीच बसले होते. तरीही अमेरिकेत त्यावर न्यायालयांत खटले झाले, संसदेत खल झाला, रस्त्यावर निदर्शने झाली. ही गोष्ट वरवर यंत्राची दिसते, पण मुळात ती मजुरीची आहे असे माझे मत आहे.

सुरुवात महामंदीत होते. कामधंदा गेलेल्या माणसाने उधारीवर एक ट्रक घ्यायचा आणि मिळेल त्या भाड्यात माल वाहायचा, अशी तेव्हाची स्थिती. दर पडले, रेल्वे कंपन्या ओरडू लागल्या आणि रात्र-रात्र गाडी हाकणाऱ्या चालकांचे अपघात वाढले. ९ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोटर कॅरियर कायद्यावर सही केली. आंतरराज्य ट्रकवाहतूक 'इंटरस्टेट कॉमर्स कमिशन'च्या ताब्यात आली. हा आयोग १८८७ मध्ये रेल्वेसाठी स्थापन झालेला. त्याचे एक सदस्य जोसेफ ईस्टमन हे या कायद्याचे मोठे पुरस्कर्ते होते. दर आणि परवान्यांबरोबर चालकाने किती तास चालवायचे हे ठरवण्याचा अधिकारही आयोगाला मिळाला.

डिसेंबर १९३७ मध्ये पहिले नियम आले. कामगार संघटनांना त्यातले तास जास्त वाटले. त्यांनी आक्षेप घेतला आणि १९३८ मध्ये नियम बदलले : २४ तासांत जास्तीत जास्त १० तास चालवणे, आठवड्याला ६० तास काम, किंवा आठ दिवसांत ७०. नियम आला म्हणजे पुरावा आला, आणि पुरावा म्हणजे चालकाने स्वतःच्या हाताने लिहिलेली वही.

त्याच १९३८ साली दुसरा एक कायदा झाला, आणि पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ मला त्यात दिसते. 'फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट'ने अमेरिकी कामगाराला किमान वेतन दिले आणि ठरावीक तासांपुढच्या कामाला दीडपट मजुरी दिली. ज्या चालकांचे तास आयोग ठरवू शकतो, त्यांना मात्र दीडपट मजुरीच्या कलमातून वगळले. कारण सरळ वाटते : त्यांच्या तासांवर आधीच एका सरकारी संस्थेची नजर आहे. पण आयोग तास मोजत होता ते अपघात टळावेत म्हणून. मजुरीचा हिशेब त्याच्याकडे नव्हता. लांब पल्ल्याच्या चालकाला पैसे बहुधा मैलावर मिळत. चाक फिरले तर कमाई. गोदामाच्या दारात सहा तास उभे राहिले, तर ते सहा तास कायद्याने काम, आणि खिशाच्या हिशेबाने शून्य.

चालकांच्या थकव्याचा अभ्यास कोणी केला नाही असे नाही. केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने बाल्टिमोर, नॅशव्हिल आणि शिकागो इथल्या चालकांच्या चाचण्या घेतल्या. अहवाल १९४१ मध्ये छापला गेला. जास्त तास चालवून आलेल्यांची चाचण्यांतली कामगिरी ताज्या माणसांपेक्षा खालावते, असे त्यात दिसले. नियम मात्र पुढची वीस वर्षे जवळपास तसेच राहिले, आणि १९६२ मध्ये बदलले ते उलट्या दिशेने. 'चोवीस तासांत' ही अटच काढून टाकली. आता १० तास चालवा, ८ तास विश्रांती घ्या, पुन्हा चालवा. हिशेब करून पाहा : मध्यरात्री निघालेला चालक सकाळी दहाला थांबतो, संध्याकाळी सहाला पुन्हा सुकाणू धरतो आणि मध्यरात्रीपर्यंत चोवीसांतले सोळा तास कायदेशीरपणे चालवून मोकळा होतो. त्याच्या झोपेची वेळ रोज सरकते ती वेगळीच. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, डेव्ह डडलीचे 'सिक्स डेज ऑन द रोड' हे गाणे देशभर गाजले. त्यातल्या चालकाची गाडी जास्त भरलेली आहे, लॉगबुक मागे पडले आहे आणि डोळे उघडे ठेवायला तो गोळ्या घेतो. लोकांना ते गाणे आवडले आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही, यातच तो काळ कळतो.

वहीत खोटे कसे लिहीत? दोन वह्या ठेवणे, पान फाडून नवे लिहिणे हे तर होतेच. पण सर्वांत सोपे खोटे वेगळे होते. समजा, सकाळी आठला चालक मालकाच्या गोदामावर पोहोचला. "थांब, नंबर लागला की सांगतो," असे म्हणून त्याला दुपारी दोनपर्यंत उभे केले. नियमाप्रमाणे ही सहा तासांची रेघ चौथ्या ओळीत जाते आणि दिवसाच्या मर्यादेतून वजा होते. तशी ओढली तर आज फार तर चार-पाचशे मैल होणार आणि उद्याची पोहोच चुकणार. म्हणून तो रेघ दुसऱ्या ओळीत ओढतो : झोपलो होतो. कागदावर सहा तासांची झोप, अंगात सहा तासांचा ताटकळा. रस्त्यावरचा तपासनीस डिझेलच्या आणि टोलच्या पावत्या वहीशी ताडून बघे. दुपारी तीनची पावती आणि तीनलाच दोनशे मैल लांब झोपलेला चालक असे जुळेनासे झाले की तो सापडे. गोदामाच्या दारातल्या सहा तासांची मात्र पावती नसते.

१ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नवा मोटर कॅरियर कायदा आणला आणि १९३५ पासूनचे परवाने-दरांचे कुंपण पाडले. हजारो नव्या कंपन्या निघाल्या, भाडी उतरली, ग्राहकाचा फायदा झाला. टीमस्टर्स या बलाढ्य संघटनेची पकड सैल झाली आणि चालकाची खरी कमाई घसरली. अर्थतज्ज्ञ मायकेल बेल्झर यांनी २००० साली या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'स्वेटशॉप्स ऑन व्हील्स'. कमी पैशात घर चालवायचे तर मैल जास्त हवेत, आणि मैल जास्त हवेत तर वही लवचीक हवी.

युरोपात तोवर वेगळाच खेळ चालू होता. पश्चिम जर्मनीने १९५० च्या दशकातच व्यावसायिक वाहनांत टॅकोग्राफ सक्तीचा केला. मेणाचा थर दिलेली कागदी तबकडी वेगदर्शकामागे बसवायची. ती २४ तासांत एक फेरा पुरा करते आणि सुया तिच्यावर वेग, अंतर आणि विश्रांती कोरत जातात. युरोपीय समुदायाने १९७० मध्ये हे यंत्र सर्व सदस्य देशांना लावले. ब्रिटनमध्ये चालकांच्या संघटनेने त्याला 'केबिनमधला हेर' म्हणून इतका विरोध केला की, सरकार नियम लागू करायलाच धजेना. शेवटी १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला, तेव्हा कुठे तबकड्या बसल्या. त्यानंतरही गिअरबॉक्सजवळच्या सेन्सरला लोहचुंबक चिकटवून धावत्या गाडीला 'उभी' दाखवणारे महाभाग निघालेच. यंत्र आले म्हणून लबाडी संपत नाही, तिला फक्त अवजार नवे लागते.

अमेरिकेत यंत्र आले ते कंपन्यांच्या सोयीसाठी. चिप्स बनवणाऱ्या फ्रिटो-ले कंपनीला १९८५ मध्ये हाताने लिहिलेल्या वहीऐवजी गाडीतला संगणक वापरण्याची सवलत मिळाली. पुढच्या वर्षी विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने सर्वांनाच ही सक्ती करा अशी मागणी केली. सरकारने १९८८ मध्ये मधला मार्ग काढला : ज्याला हवे त्याने वापरावे. त्याच सुमारास क्वालकॉमची उपग्रहावरची निरोपयंत्रणा बाजारात आली आणि विस्कॉन्सिनच्या श्नायडर या मोठ्या कंपनीने ती आपल्या ताफ्यात घेतली. आता कार्यालयात बसलेल्या माणसाला गाडी कुठे आहे ते पडद्यावर दिसू लागले. १९९८ मध्ये ओमाहाच्या वर्नर कंपनीने कागदी वही टाकून उपग्रहाच्या नोंदींवर लॉग ठेवण्याचा करार सरकारशी केला. म्हणजे सक्तीच्या जवळपास वीस वर्षे आधीपासून मोठ्या कंपन्यांकडे चालकाचा मिनिटा-मिनिटाचा हिशेब ठेवण्याची सोय होती. पुढे सक्तीसाठी सर्वांत जास्त जोर याच कंपन्यांनी लावला. त्यांचे गणित उघड होते : आमचा चालक अकरा तासांवर थांबतो आणि शेजारचा एकट्या गाडीचा मालक वहीत खाडाखोड करून चौदा तास चालवतो, मग भाडे कोणाला मिळणार?

२००० साली नव्याने स्थापन झालेल्या फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनने लांब पल्ल्याच्या ट्रकांना यंत्र सक्तीचे करण्याचा प्रस्ताव मांडला आणि गदारोळ झाल्यावर मागे घेतला. २००३ मध्ये फक्त तासांचे नियम बदलले : १० तासांच्या सुट्टीनंतर ११ तास चालवणे, तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. हे १४ तासांचे घड्याळ एकदा सुरू झाले की सहसा थांबत नाही, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. २०१० मध्ये यंत्राचा नियम पुन्हा आला, या वेळी फक्त वारंवार नियम मोडणाऱ्या कंपन्यांसाठी. मिसुरीत मुख्यालय असलेली मालक-चालकांची संघटना, ओओआयडीए, आणि काही चालक न्यायालयात गेले. ऑगस्ट २०११ मध्ये शिकागोच्या सातव्या सर्किट न्यायालयाने तो नियम रद्द केला.

हा निकाल मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. संसदेच्या कायद्यात एक अट होती : अशा यंत्राचा वापर चालकाला छळण्यासाठी होणार नाही, हे सरकारने पाहायचे. न्यायालय म्हणाले की तुम्ही या अटीचा विचारच केलेला नाही. छळ म्हणजे काय, हे ट्रकवाल्याला समजावून सांगावे लागत नाही. दुपारी तीनला चालकाच्या डोळ्यांवर झापड येते. तो गाडी बाजूला घेतो. कार्यालयातल्या पडद्यावर दिसते : गाडी उभी आणि कायदेशीर दोन तास अजून शिल्लक. लगेच निरोप येतो, का थांबलास? कागदी वहीच्या काळात तो तासभर डुलकी काढून रेघ सावरून घेई. आता डुलकीचा तास चौदांतून वजा होतो आणि तो चोख नोंदलाही जातो. प्रामाणिक नोंदीने झोपेलाच दंड लावला. या निकालाचा एक ठळक परिणाम पुढच्या नियमात दिसतो : चालक बर्थवर असताना यंत्राचा आवाज बंद करता आलाच पाहिजे, असे त्यात लिहावे लागले.

संसदेने जुलै २०१२ मध्ये 'मॅप-२१' या रस्ते कायद्यात यंत्राची सक्तीच घातली, त्यामुळे 'हवे का नको' हा वाद कायद्याने संपला. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते 'जेसन्स लॉ' नावाने ओळखले जाते. २००९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात एक चालक माल पोहोचवायच्या ठिकाणी वेळेआधी आला. आत घेणार नव्हते, म्हणून जवळच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून झोपला आणि लुटारूच्या गोळीने मेला. ट्रकांना उभे राहायला सुरक्षित जागा हव्यात, असे हे कलम सांगते. यंत्राचे कलम पुढे अमलात आले. जागांची टंचाई राहिलीच, आणि यंत्र आल्यावर ती जास्त जाचू लागली, कारण घड्याळ अकरा तास दाखवते तेव्हा गाडी जिथे असेल तिथे थांबावे लागते आणि संध्याकाळी सात-आठनंतर विसाव्याची ठिकाणे भरलेली असतात.

सक्ती येण्याआधीच एका अपघाताने तिची मर्यादा दाखवून दिली होती. ७ जून २०१४ च्या मध्यरात्रीनंतर न्यू जर्सीच्या महामार्गावर, क्रॅनबरीजवळ, वॉलमार्टचा ट्रक मंदावलेल्या रहदारीत एका लिमो-व्हॅनवर आदळला. विनोदी नट ट्रेसी मॉर्गन जबर जखमी झाले, त्यांचा एक सहकारी जागीच गेला. चालक कामावर येऊन साडेतेरा तास झाले होते, म्हणजे चौदाच्या आत. लॉगप्रमाणे सगळे ठीक. पण राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघाले की तो २८ तास जागा होता. जॉर्जियातल्या घरून डेलावेअरमधल्या कामाच्या ठिकाणापर्यंत तो रात्रभर स्वतःची मोटार चालवत आला होता आणि तसाच कामावर चढला होता. वही असो की यंत्र, घर ते कामाची जागा हा प्रवास कुठल्याच ओळीत येत नाही.

अंतिम नियम डिसेंबर २०१५ मध्ये निघाला. ओओआयडीएने पुन्हा खटला भरला. या वेळी त्याच न्यायालयाने नियम उचलून धरला आणि जून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. १८ डिसेंबर २०१७ ही तारीख ठरली. त्याआधी ट्रकवाल्यांनी वॉशिंग्टनमध्ये आणि इतरत्र निदर्शने केली. पण ती १९७० च्या दशकातल्या चक्काजामांसारखी पेटली नाहीत. मोठ्या कंपन्यांचे चालक यंत्रासोबत कधीच राहू लागले होते. विरोध होता तो एक-दोन गाड्यांच्या मालकांचा, आणि त्यांना गाडी उभी ठेवणे परवडत नाही.

यंत्र इंजिनाच्या संगणकाला जोडलेले. चाकांनी ताशी ५ मैलांचा वेग ओलांडला की रेघ आपोआप तिसऱ्या ओळीत जाते आणि तिथून चालकाला ती हलवता येत नाही. गाडी पाच मिनिटे उभी राहिली की पडदा विचारतो, अजून चालवतोयस का? मिनिटभरात उत्तर नाही आले तर रेघ चौथ्या ओळीत. दर तासाला ठिकाण नोंदले जाते. कार्यालयाने नोंद बदलली तरी मूळ नोंद पुसत नाही. सूट मिळाली ती २००० सालाआधीच्या इंजिनांना, त्यामुळे जुनी धुडे एकदम भाव खाऊ लागली. संसदेने जनावरे वाहणाऱ्यांनाही वगळले, कारण उन्हात गुरांनी भरलेला ट्रक घड्याळासाठी थांबवता येत नाही. या सवलतीत कीटकही आले. कॅलिफोर्नियाच्या बदामबागांत परागीकरणासाठी देशभरातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकने जातात, त्यांच्यासाठी ही तरतूद. मधमाश्यांची अडचण कायद्याला समजली, गोदामाच्या दारात ताटकळणाऱ्या माणसाची समजली नाही.

सक्तीने वर्षाला २६ जीव वाचतील असा सरकारचा अंदाज होता. झाले काय? रस्त्यावरच्या तपासणीत तासांचे नियम मोडल्याची प्रकरणे काही महिन्यांतच सुमारे निम्म्यावर आली. त्या बाबतीत यंत्राने काम चोख केले. पण ॲलेक्स स्कॉट, अँड्र्यू बॅल्थ्रॉप आणि जेसन मिलर या संशोधकांनी सरकारी नोंदी तपासून २०२१ मध्ये जे प्रसिद्ध केले ते वेगळेच होते. ज्यांच्याकडे यंत्रे आधीपासून होती त्या मोठ्या कंपन्यांशी छोट्यांची तुलना केली, तेव्हा छोट्यांचे अपघात घटल्याचे दिसले नाही, आणि वेगमर्यादा मोडण्यासारखे गुन्हे वाढलेले दिसले. कारण कोड्यात टाकणारे नाही. तास वाढवता येत नाहीत, मैल तेवढेच हवेत, मग पाय खाली जातो.

जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे सक्तीला दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी गोदामावरच्या ताटकळीवर अहवाल दिला. गोदामावरचा सरासरी मुक्काम १५ मिनिटांनी वाढला तर अपघाताचा दर ६.२ टक्क्यांनी वाढतो आणि ताटकळीपायी भाडेतत्त्वावरच्या चालकांची वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलर कमाई बुडते, असा त्यांचा अंदाज. पुढे त्यांनी एक कबुलीही दिली : उपलब्ध इलेक्ट्रॉनिक नोंदींतून खरी भराई-उतराई किती आणि नुसते थांबणे किती, हे वेगळे काढता येत नाही. कागदावर जी चौथी ओळ मुकी होती ती पडद्यावरही मुकीच राहिली.

२०२० मध्ये तासांचे नियम थोडे सैल केले, बर्थवरची विश्रांती सात आणि तीन तासांत तोडण्याची मुभा दिली, म्हणजे मधल्या डुलकीचा दंड काहीसा कमी झाला. जुनी, ऐच्छिक काळातली यंत्रे डिसेंबर २०१९ मध्येच मोडीत निघाली होती. १९३८ च्या मजुरी कायद्यातली चालकांना दीडपट मजुरीतून वगळणारी तरतूद तेवढी तशीच राहिली. ती काढून टाकण्यासाठी २०२२ मध्ये अमेरिकी संसदेत विधेयक आले. ते मंजूर झाले नाही.